संघ लावायचा रविवार

ते एकोणीसशे एक्याऐंशी साल होतं. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू त्याच वर्षी काढला, आत्याने दोन वर्षांचा अबोला त्याच वर्षी सोडला आणि बास्केटबॉलचा क्लब लागोपाठ चौथ्यांदा तळाला गेला, तोही त्याच वर्षी. त्या घरात साल लक्षात ठेवायची हीच रीत होती. कुणाचा जन्म विचारा, कुणाचं लग्न विचारा, आधी क्लब तेव्हा कितवा होता ते सांगायचे आणि मग तारीख.

तळाला जाण्यात एकच सुख असतं. हंगाम संपला की कॉलेजातल्या नव्या पोरांची निवड होते. ड्राफ्ट म्हणतात तिला. त्यात सगळ्यांत शेवटी आलेल्या संघाला सगळ्यांत आधी हात घालायला मिळतो. ड्राफ्ट गुरुवारी असे. त्याच्या आधीच्या रविवारी या घरात संघ लावला जाई.

थोरली लेक सकाळची पाळी करून रुग्णालयातून थेट आली. एक्स-रे खात्यात तिला एकोणीस वर्षं झाली होती. बाबांनी फळी भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवलेलीच होती. फळी म्हणजे क्लबच्या हॉलच्या जमिनीतला उरलेला तुकडा. ती सगळी लाकडी जमीन बाबांनी तरुणपणी चार सुतारांना हाताशी धरून पट्टी पट्टी जोडून बसवली होती. कुठल्या पट्टीवर चेंडू नीट उसळत नाही, ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी बारा खुंट्या ठोकल्या होत्या आणि प्रत्येक खेळाडूची नंबर घातलेली लाकडी चकती केली होती. संघातून काढायचा माणूस खिळ्यांच्या जुन्या डब्यात जाई.

नियम ठरलेले होते. चहा सगळ्यांना एकदम ओतायचा. ज्याचा कप आधी संपेल त्याची पाळी आधी. एका माणसाला एकच पाळी. ज्याला काढायचं तो समोर बसलाय असं समजून त्याला तोंडावर सांगायचं, पाठीमागे नाही. शेवटी जो संघ उरेल तो बाबा पोस्टकार्डावर लिहून क्लबच्या मॅनेजरला पाठवत. एकवीस वर्षांत एकाही कार्डाचं उत्तर आलं नव्हतं. टपालपेटी थोरलीच्या रुग्णालयाच्या वाटेवर होती, म्हणून कार्ड सोमवारी सकाळी तीच टाकायची.

एक नियम आईचा होता. नऊ वर्षांपूर्वी धाकटा क्लबात निवडला गेला, त्याच दिवशी आईने सांगून टाकलं होतं की चौदा नंबरच्या चकतीला कुणी हात लावायचा नाही. आई हॉलच्या खिडकीत तिकिटं विकायची. तिने एकदा 'संपली' म्हटलं की संपली.

धाकट्याला घरात आणि हॉलमध्ये सगळे बांबूच म्हणत. या हंगामात तो फारसा खेळलाच नव्हता. पण त्याचे नऊ हंगाम झाले होते, आणि एकाच शर्टात दहा हंगाम काढले की तो शर्ट हॉलच्या भिंतीवर उंच टांगायचा, अशी क्लबची पद्धत होती. साठ वर्षांत असे चारच शर्ट चढले होते. पाचवा आपल्या पोराचा असेल आणि त्याच्याखाली आपण बसवलेली जमीन असेल, हे बाबा कधी बोलून दाखवत नसत. पण हॉलमध्ये गेले की मान वर करून त्या भिंतीवरची मोकळी जागा बघत उभे राहत.

थोरलीला जे माहीत होतं ते त्या घरात आणखी फक्त बांबूला माहीत होतं. मार्चमध्ये जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या खात्यात आला होता. क्लबच्या डॉक्टरला कळू न देता तिने त्याच्या उजव्या गुडघ्याचा फोटो काढला. ओली फिल्म उजेडासमोर धरली. गुडघ्यात हाडाला हाड लागलं होतं.

"बेंचवर बसायला गुडघा लागत नाही, ताई," तो म्हणाला होता. "एकच हंगाम. फक्त मला कुणी दुसऱ्या संघाला देऊ नये. दिलं की ते तपासणार, आणि तपासलं की संपलं. तू शपथ घे."

तिने घेतली होती.

"चहा!" आत्या ओरडली. आत्या टेलिफोन खात्यात. आयुष्यभर तारेवर ओरडून तिचा आवाज तसाच झाला होता. "अरे भाऊ, ओततोस का आणखी एक हंगाम जाऊ देतोस?"

बाबांनी सहा कप भरले. थोरलीला पाळीत चहा मिळायचा तो दोन पेशंटांच्या मधे, त्यामुळे जीभ भाजली तरी घटाघट प्यायची सवय. दरवर्षीसारखा तिचाच कप आधी रिकामा झाला.

"झालं बघा," मधला भाऊ वहीतून डोकं वर न काढता म्हणाला. तो शाळेत गणित शिकवायचा. क्लबच्या प्रत्येक सामन्याचे आकडे त्याच्या वह्यांत होते. "ताईचा घसा पत्र्याचा आहे."

थोरलीने नऊ नंबर उचलला. हा गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणारा, उशिरा येई, लवकर जाई, म्हणून आत्याने त्याचं नाव 'सरकारी' ठेवलं होतं. थोरलीने चकती समोर धरली. "साहेब, घोटा दुखतो म्हणून तुम्ही अकरा सामने बसलात. त्या घोट्याचा फोटो मीच काढलाय. तो घोटा माझ्याहून चांगला आहे. या आता."

चकती डब्यात पडली. आत्या टेबल बडवून हसली, आईसुद्धा हसली. बांबू मात्र कपात बघत राहिला.

आत्याने रिकाम्या खुंटीवर नवा सेंटर टांगला. सात फूट उंच, वीस वर्षांचा पोरगा, सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचे फोटो. तिने त्याला आधीच 'मनोरा' करून टाकलं होतं. "पहिली निवड आपली आहे. हा सोडून दुसऱ्या कुणाला घेतलं तर मी त्या मॅनेजरचा फोन कायमचा तोडेन. खात्यात आहे मी."

"मनोरा घ्याच," मधला म्हणाला. "पण त्याच्या हातात चेंडू देणार कोण? गेल्या वर्षी आपल्या गार्डांनी दर सामन्याला एकोणीस वेळा चेंडू घालवला. एकोणीस! माझ्या सातवीच्या वर्गातली पोरं यापेक्षा कमी वह्या हरवतात."

"मग कोण पाहिजे?"

मधल्याने खिशातून एक नवी चकती काढून टेबलावर ठेवली. घरून रंगवून आणली होती. "गिरणीवाल्यांची चिमणी."

"हा मला पाहिजेच," आत्या म्हणाली. गिरणीवाले म्हणजे नदीच्या समोरच्या तीरावरचा संघ. त्यांचा तो बारका, चपळ गार्ड कुणाला नको होता?

"ते फुकट देणार आहेत होय?" बाबा म्हणाले.

"फुकट नाही. अदलाबदल. त्यांना मुरलेला, उंच, बचावातला माणूस हवाय. मी दोन महिने हिशेब मांडतोय, बाबा. आपल्याकडे त्यांना हवासा असा एकच माणूस आहे."

नाव कुणी घेतलं नाही. घेण्याची गरज नव्हती.

"त्या चकतीला हात लागणार नाही," आई म्हणाली. तिचा कप अजून अर्धा होता.

"आई, मी हात लावलाय का? मी आकडे सांगतोय. मी माझी पाळी सोडतो."

"सोडतो काय! पेटवून दिलंस आणि म्हणे सोडतो."

"दादा खरं बोलतोय," बांबू म्हणाला. तो इतक्या वेळात पहिल्यांदाच बोलला. "आणि आई, तो नियम आता काढून टाक. मी काय काचेचा आहे?"

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. काच परवडली असती. काच फुटली तर निदान आवाज होतो.

"हा म्हणतोय ना," बाबा म्हणाले आणि त्यांनी कप खाली ठेवला. रिकामा. "मग झालं. इतर अकरा जणांच्या तोंडावर आपण वाट्टेल ते बोलतो. ते काय कुणाचे पोरगे नाहीत?"

"अहो," आई म्हणाली.

"बाबा, थांबा," थोरली म्हणाली.

"तुझी पाळी झाली."

"पाळी गेली खड्ड्यात. हे करू नका."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. नव्याने स्वच्छ झालेले त्यांचे डोळे त्या वर्षी फार रोखून बघत. "कारण सांग. बहीण म्हणून नको सांगू. तिकीट काढून बाकावर बसलेली बाई म्हणून सांग."

टेबलाखाली बांबूचा पाय तिच्या पायावर आला आणि तिथेच दाबून राहिला. शपथ न मोडता सांगता येईल असं एकही कारण तिला सापडलं नाही.

"त्याचा... दहावा हंगाम आहे," ती कशीबशी म्हणाली.

"ते मला माहीत नाही?" बाबांचा आवाज घोगरा झाला. त्यांनी चौदा नंबर खुंटीवरून काढला, तळहातावर ठेवला आणि मुलाकडे बघून बोलायला सुरुवात केली. समोर बसलाय असं समजायची या वेळी गरजच नव्हती. "नऊ वर्षं तू इथे खेळलास. मी एकही सामना चुकवला नाही. पण चार वर्षं आम्ही तळाला आहोत. हॉल अर्धा रिकामा असतो. तुझ्या बदल्यात येणारा पोरगा दहा वर्षं खेळेल. तुझा शर्ट वर चढावा म्हणून मी संघ बुडवला, असं मला माझ्याशी म्हणायचं नाही. जा बाबा. चांगला खेळ."

चकती डब्यात पडली. चौदाच्या जागी चिमणी टांगली गेली.

मग आईने कप उचलला. तो उरलेला गार चहा तिने एका दमात संपवला, कप बशीत आपटला, डब्यात हात घातला आणि चौदा नंबर परत खुंटीवर लावला. चिमणी तिने मधल्याच्या वहीवर फेकली. "माझी पाळी. आणि तोंडावर सांगायचंय ना? तुम्हाला सांगते. पोराचं मोल करायला बसलात दोघं बाप-लेक. शोभतं?"

"वा, वहिनी!" आत्या म्हणाली. ती आत्तापर्यंत आकड्यांच्या बाजूने होती. आता तिने खुर्ची आईकडे सरकवली. "माझंही तेच मत."

"आत्या, दोन मिनिटांपूर्वी तुला चिमणी हवी होती," मधला म्हणाला.

"मला दोन्ही हवेत. मी प्रेक्षक आहे, कारकून नाही."

मधल्याने पेन्सिल खाली ठेवली. त्यालाही लहानपणी खेळायचं होतं. उंची पाच फूट पाचवर थांबली, आणि पुढे तो वह्याच लिहीत राहिला. तो फार हळू बोलला. बांबूला ते लागावं असं त्याला वाटत होतं की नाही, कोण जाणे.

"ठीक आहे. लिहा कार्डावर. चौदा नंबर, आईच्या मताने कायम."

बांबूचा कप राहिला होता. तो नेहमीच शेवटी प्यायचा, घोट घोट. त्याची पाळी शेवटची म्हणजे तोच निकाल. त्याने कप संपवला, रुमालाने ओठ पुसले आणि उठला. उजव्या पायावर भार न देता तो कसा उठतो, ते फक्त थोरलीला दिसलं. त्याने लांब हात पुढे करून स्वतःची चकती काढली आणि चिमणीची लावली.

"आईच्या मताने नको," तो म्हणाला. "आणि तोंडावर बोलायचं तर मला आरसा लागेल, तेव्हा ते राहू द्या."

तो दारात चपला घालत असताना थोरली मागे गेली. पण आईही आली, आत्याही आली, आणि तो "येतो ताई" एवढंच म्हणून जिना उतरला. एक एक पायरी, कठड्याला धरून. आत टेबलाशी बाबांनी कार्ड लिहिलं. मनोरा घ्या. चौदा नंबर देऊन गिरणीवाल्यांचा गार्ड आणा. खाली दरवर्षीसारखी त्यांची सही. या वर्षी त्यांनी एक ओळ जास्त घातली: आमचा मुलगा यास स्वतः तयार आहे.

सोमवारी सात वाजता थोरली पेटीपाशी उभी होती. लॉन्ड्रीवाला दुकानाच्या फळ्या उघडत होता. कार्ड फाडणं दोन क्षणांचं काम होतं. तिने ते पर्समध्ये ठेवलं, पुन्हा काढलं. तिच्या मनात आलं, ही कार्डं कोण वाचतं? मॅनेजर त्यांच्यावर चहाचा कप ठेवतो, असं हॉलचा झाडूवालाच सांगायचा. दुसरं मनात आलं ते असं, की त्याने स्वतःच्या हाताने चकती काढली. त्याला जायचंच असेल. बेंचवर बसून सगळ्यांची कीव झेलण्यापेक्षा त्याला शेवट हवा असेल. मग मी कोण अडवणारी? बाबांचं पत्र फाडायचं, हे तिच्या हाताला एक्केचाळीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं. तिने कार्ड टाकलं. आत ते कशावर तरी पडल्याचा बारीक आवाज आला.

तो मॅनेजर एप्रिलमध्येच क्लब सोडून गेला होता. नवा माणूस आलेला प्रत्येक कागद वाचत असे.

गुरुवारी संध्याकाळी सगळे रेडिओपाशी जमले. पहिली निवड, मनोरा. आत्याने टाळ्या वाजवल्या. मग निवेदकाने अदलाबदल सांगितली: चौदा नंबर गिरणीवाल्यांकडे, त्यांचा गार्ड इकडे. बाबा उठून उभे राहिले. "आपण सांगितलं तेच! शब्दाला शब्द!" एकवीस वर्षांत पहिल्यांदा क्लबने त्यांचं ऐकलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता. तो तिथेच गोठला. त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हळूच खाली बसले. शुक्रवारच्या वर्तमानपत्रात मॅनेजरचं म्हणणं छापून आलं. निर्णय कठीण होता, पण खेळाडूच्या कुटुंबानेच तो सुचवल्यामुळे क्लबचं ओझं हलकं झालं.

शनिवारी गिरणीवाल्यांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला. सोमवारी व्यवहार रद्द झाला. चिमणी आपल्या संघात परत गेली, त्या अदलाबदलीतून क्लबच्या हाती काहीच लागलं नाही. पण बांबू परत येऊ शकला नाही. फोटो आता सगळ्यांनी पाहिला होता. असा गुडघा बारा जणांत ठेवता येत नाही, असं पत्र त्याला क्लबने पाठवलं, आणि ऑगस्टमध्ये चौदा नंबरचा शर्ट एका नव्या पोराला दिला.

आईने थोरलीला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मार्च."

आई ओट्याला टेकून उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. "मग त्या सरकारीवर कशाला घालवलीस पाळी?" एवढंच म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता नळ सोडला.

बाबा त्यानंतर हॉलमध्ये गेले नाहीत. शेजाऱ्याने विचारलं तर डोळ्यांचं कारण सांगत. चार वर्षांनी ते वारले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात क्लबने जमीन उखडून नवी घातली. आईने नवऱ्याचं दुखणं-खुपणं शेवटपर्यंत केलं, पण त्या दोघांत मोकळं बोलणं राहिलं नव्हतं. ती एक्याण्णव वर्षांची होऊन वारली. मधला मुख्याध्यापक झाला. त्याच्या बायकोने सांगितलं की वह्यांची पेटी त्याने माळ्यावर चढवली आणि घरी कुणी सामना लावला की तो फिरायला निघून जातो. आत्या निवृत्त झाली आणि पाचच वर्षांत ठार बहिरी झाली. हॉलमध्ये मात्र जात राहिली, एकटीच, बाबांच्या जागेवर. मनोरा दोन हंगाम खेळून मोठ्या संघाकडे निघून गेला. क्लब आणखी सहा वर्षं तळाला राहिला.

बांबूला लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. काम टेबलाशी बसून, नकाशे तपासायचं. त्याने लग्न केलं, उशिरा. एक्याण्णव साली त्याचा गुडघा बदलला तेव्हा भेटीच्या वेळात थोरली त्याच्याजवळ बसली होती. बोलत होते दुसरंच काही. मधेच तो छताकडे बघत म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी चकती काढली ना, ती बाबांसमोर आणि दादासमोर काढली. मला तेवढं करणं भाग होतं. पण कार्ड तुझ्याच हातात येणार, हे मला माहीत होतं."

थोरलीने त्याच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला उगाच सरकवला.

"मला वाटलं, तुला जायचंय," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. होकार की नकार, तिने विचारलं नाही. भेटीची वेळ संपली म्हणून परिचारिका सांगायला आली, आणि थोरलीने त्याची चादर नीट करून पिशवी उचलली. त्यानंतर दोघं एकाच शहरात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणखी एकोणीस वर्षं राहिली. दर रविवारी भेटत. तो विषय पुन्हा निघाला नाही.